उपाय नको, लाडू घाला

नऊ वर्षांच्या पोराच्या कपाळावर मुरुमं आली की ते कपाळ सार्वजनिक होतं. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत कुणीही लिफ्टमध्ये माझी हनुवटी धरून तोंड वर करायचं. जायफळ उगाळून लाव, मुलतानी माती लाव, याचं पोट साफ होत नाही वाटतं! विचारलं होतं कुणी? म्हणून मी केस भुवयांपर्यंत वाढवले होते.

त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, "काही मुलांना लवकर सुरू होतात. घाबरू नका. मलम लावा, आणि ही तेलकट झुलपं आधी कापा." त्यात माझी मुंज ठरलेली. आमच्याकडे मुंजीत चक्क गोटा करतात, चार केस कापून भागत नाही. डॉक्टर आणि गुरुजी एकाच पक्षाचे निघाले आणि माझी वाट लागली.

मुहूर्तापर्यंत ठीक होतं. लोक लांबूनच अक्षता टाकून मोकळे झाले. पण नंतर भिक्षावळ. मुंजा झोळी घेऊन उभा राहतो आणि एकेक बाई अगदी समोर येऊन लाडू घालते. हॉलभर बायका! मी कपडे बदलायच्या खोलीत शिरून कडी घातली.

बाबा बाहेरून ओरडले, "ओजस, तमाशा नकोय मला."

"तुम्ही पंगतीचं बघा," आई त्यांना म्हणाली. मग दाराशी येऊन, "उघड रे."

"सगळ्या बघतील."

"बघणारच. डोळे आहेत त्यांना. पण बोलल्या तर मी आहे ना."

मी कडी काढली.

पहिली भिक्षा आईची असते. गुरुजींनी हाक मारली, "जयंतीताई, समोर या." आई माझ्या शेजारीच उभी राहिली. "मी शेवटी घालते."

"अहो, रीत आहे."

"असू दे."

चतुर्थीला चंद्र दिसल्याशिवाय घास न घेणारी माझी आई हे बोलली! गुरुजींनी पुढच्या बाईला खूण केली.

शेजारच्या दर्शनाकाकू पुढे आल्या, वाकल्या आणि सुरू झाल्या, "अगंबाई, एवढ्याशा पोराला? जयंती, कडुनिंबाचा पाला—"

"दर्शनाताई, झोळीत लाडू घाला. उपाय नको."

काकूंनी मुकाट्यानं लाडू घातला. मागच्या बाईनं उघडलेलं तोंड मिटलं. मग रांग कशी झपझप सरकली!

सगळ्यात शेवटी आई समोर आली. मी झोळीकडे बघत पुटपुटलो.

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली.

मी मान वर केली आणि "ॐ भवति भिक्षां देहि" असा ओरडलो की गुरुजी दचकले. आई माझ्या उघड्या कपाळाकडे बघत होती. हसतही होती आणि डोळेही पुसत होती. मला तेव्हा इतकं हलकं वाटलं की झोळी खाली ठेवून मी सगळ्यांसमोर तिला मिठी मारली.

आता मी कॉलेजात आहे. मुरुमं त्यांच्या सवडीनं गेली, दोन-चार खुणा राहिल्या. आईचे उपकार फेडावेत असं लोक म्हणतात. मला हे एक ऋण फेडायचं नाही. राहू दे माझ्या अंगावर.