हळूबाईचा जोर

मन शांत असेल तर माणूस कुठलाही आघात सहज सोसतो. हे वाक्य ध्यानाचे सर नर्सिंग कॉलेजच्या मुलींना दर शनिवारी ऐकवत. त्या शनिवारीही त्यांनी ते ऐकवलं, प्रात्यक्षिक दाखवायला सभागृहाच्या सतरंजीवर आडवे झाले, आणि थोड्याच वेळात त्यांची एक बरगडी मोडली.

हा तास कॉलेजने मुलींच्या भल्यासाठीच ठेवला होता. मुलींना फार ताण येतो, असं पाहणीत आढळलं होतं. ड्युट्या कमी करणं काही शक्य नव्हतं. म्हणून शनिवारी दुपारी त्यांना जी काय झोप मिळायची, त्याच वेळात ताणमुक्तीचा तास बसवला. हजेरी सक्तीची.

बरगडी मोडली ती हळूबाईने. तिचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. ती दार लावायची ते कळायचं नाही, सुई टोचायची तर पेशंट विचारायचा, “झालं?” वॉर्डातले म्हातारे तिच्यावर बेहद्द खूश. प्रात्यक्षिकाच्या मॅडम मात्र नव्हत्या. बंद पडलेलं हृदय छाती दाबून चालू करायची परीक्षा असते. त्यासाठीच्या रबरी बाहुलीची छाती पुरेशी दबली, की आत ‘खट्’ असा आवाज होतो. हळूबाई दोनदा परीक्षेला बसली होती, आणि तिच्या हाताखाली तो दोन्ही वेळा झाला नव्हता.

“जीव वाचवतेयस का गुदगुल्या करतेयस गं?” मॅडमनी विचारलं होतं.

सोमवारी शेवटची संधी होती. नापास झाली तर कॉलेज बंद आणि आत्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसायचं, असं वडिलांनी निक्षून सांगितलं होतं. आत्याने खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती.

तर सर आडवे झाले. बाहेर काहीही घडलं तरी त्याची फक्त नोंद घ्यायची आणि सोडून द्यायची, हा त्या दिवसाचा धडा. मुलींनी डोळे मिटले आणि बहुतेकींनी लगेच झोपून घेतलं. सोमवारच्या धास्तीने हळूबाईला काही डोळे मिटवेनात. ती सरांकडे बघत बसली. सरांची छाती हलत नव्हती. बारा वर्षांच्या साधनेने त्यांनी श्वास इतका संथ केला होता, की तो बाहेरून दिसतच नसे.

शिकवल्याप्रमाणे तिने त्यांचे खांदे थोपटले. “सर, ऐकू येतंय का?”

सरांना ऐकू येत होतं. त्यांनी नोंद घेतली आणि सोडून दिली. तिने मानेवर नाडी शोधली, पण तिच्याच बोटांत एवढी धडधड होती, की सरांची सापडेना. मग मॅडमना बोलवा म्हणून ती जन्मात पहिल्यांदा मोठ्याने ओरडली, हातावर हात ठेवला आणि दाबलं.

खट् झालं.

ही नोंद सरांनी सोडून दिली नाही. त्यांचा आवाज वॉर्डापर्यंत गेला.

मॅडम धावत आल्या. त्यांनी आधी हळूबाईची कोपरं पाहिली. दाबताना ठेवायची असतात तशी सरळ होती.

“जोर बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “श्वास कोण बघणार? तुझी आत्या?”

रविवारी हळूबाईची ड्युटी नेमकी सरांच्याच वॉर्डात लागली. वेदना कमी करायचं इंजेक्शन देताना तिच्या डोळ्यांतलं पाणी काही थांबेना. सरांनी तोंड फिरवून दंड पुढे केला होता.

“झालं?” त्यांनी विचारलं. मग जपून, तोडून तोडून बोलू लागले. “बारा वर्षं लोकांना सांगतोय, प्रत्येक श्वासाकडे लक्ष द्या. माझं स्वतःचं कधी टिकलं नाही. कालपासून एकही श्वास चुकला नाही.” आणि म्हणाले, “उद्या असंच दाब. बाहुलीला लागत नाही.”

सोमवारी हळूबाई बाहुलीच्या तोंडाशी कान लावून बसली, ती उठेचना.

“अगं, रबराची आहे ती,” मॅडम म्हणाल्या.

तरी तिने पूर्ण खात्री करून घेतली. मग दाबलं. खट् झालं. हा आवाज परवाच ऐकलेला असल्याने तिने डोळे गच्च मिटून घेतले, पण हात थांबवले नाहीत. मॅडमनाच “पुरे” म्हणावं लागलं.

आत्याच्या दुकानातल्या खुर्चीवर आता कागदांचे गठ्ठे असतात. सरांची बरगडी जुळली. ध्यानाचा तास अजून शनिवारी दुपारीच होतो. सर तो बसून घेतात.