त्या खोक्यात काही नव्हतं

व्हिसावर दिवस काढणाऱ्या माणसाला प्रत्येक गोष्ट विचारून, लेखी घेऊन करायची खोड लागते. घर बदललं तर दहा दिवसांत सरकारला कळवा, शिकवण्याचे दोन तास वाढले तर आधी युनिव्हर्सिटीच्या ऑफिसला विचारा, भारतात कोणी गेलं तरी परत येण्याचे कागद नीट आहेत ना ते बघून मगच विमानात बसा. अकरा वर्षांत ही खोड अनयाच्या हाडीमासी खिळली होती. त्याच खोडीने तिचा घात केला, आणि तिचा एकटीचाच नाही.

अनया पुण्याची. आयटीतल्या नोकरीच्या आशेने पुण्यातली कितीतरी पोरं जपानी शिकतात, तशी तीही शिकली. पण नोकरी राहिली बाजूला आणि भाषाच मानगुटीवर बसली. आता ती अमेरिकेत, मिनेसोटात, इतिहासात पीएचडी करत होती. महायुद्धानंतर अमेरिका आणि जपान यांच्यात संरक्षणाचे जे करार झाले, त्यांत कागदावर काय लिहिलं गेलं आणि कागदावर न आणता काय ठरलं, हा तिचा विषय. नवरा यशोधन ईडन प्रेरीतल्या एका कंपनीत प्रोग्रॅमर, मुलगी स्वानंदी पाच वर्षांची, आणि नवरा-बायकोच्या ग्रीन कार्डाचा अर्ज एकदाचा शेवटच्या टप्प्यात आलेला. घरात त्या अर्जाचा विषय निघाला की दोघं आवाज खाली करून बोलत, कोणी ऐकत असल्यासारखं.

तीन वर्षांपूर्वी ती अभ्यासासाठी जपानच्या ओकिनावा बेटावर गेली, तेव्हा किंजो-सान नावाच्या निवृत्त शिक्षकांनी तिला आठ दिवस आपल्या घरी ठेवून घेतलं होतं. म्हातारा ऐंशीला टेकलेला, बोलायला मऊ, पण एका गोष्टीवर अडून बसलेला. त्यांच्या गावाला लागून अमेरिकेचा लष्करी तळ होता. तरुणपणी ते तिथे मजुरी करायचे. एका वर्षी तळाच्या मागच्या अंगाला खड्डे खणून त्यांत पिंपं पुरलेली त्यांनी लांबून पाहिली होती. पिंपांत काय होतं आणि ती नेमकी कुठे पुरली, ते कोणी सांगेना. ती उतरवायला गेलेला त्यांचा थोरला भाऊ वर्षभरात अंगभर फोड येऊन गेला.

पुढे तळाचा तो तुकडा गावाला परत मिळाला. परत देताना जमीन होती तशी करून देण्याची जबाबदारी अमेरिकेवर नाही, असं करारातच लिहिलेलं आहे. जपानी अधिकाऱ्यांनी चार ठिकाणची माती तपासून सगळं ठीक असल्याचं कळवलं आणि हात झटकले. गावाला तिथे बालवाडीचं मैदान करायचं होतं, मुलांसाठी भाजीचे वाफे घालायचे होते. नऊ वर्षं किंजो-सान एकटे नाही म्हणत राहिले आणि गावाने त्यांना वेड्यात काढलं. शेवटी सभेत त्यांनी शब्द दिला. तळावरच्या एका इंजिनियर अधिकाऱ्याचे कागद अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात अभ्यासकांना खुले होणार होते. माझ्या ओळखीची एक अभ्यासक ते खोकं बघेल, त्यात काही नसेल तर मी विरोध मागे घेईन, असं ते सर्वांसमोर बोलून बसले.

फेब्रुवारीत अनया तीन तास ड्राइव्ह करून त्या कॉलेजात गेली. तिथला नियम असा, की सरकारने तपासून खुल्या केलेल्या पानाचाच फोटो काढायचा, आणि प्रत्येक फोटोत ‘हे पान खुलं आहे’ अशी छापील चिठ्ठी दिसली पाहिजे. दुपारी बर्फाच्या वादळाचा इशारा आला. अनयाने वाचायचं सोडून दिलं आणि चिठ्ठी ठेव, फोटो काढ, पान उलट असा सपाटा लावला. दोनशे पानं काढून ती रस्त्याला लागली.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात लॅपटॉपवर फोटो बघताना तिला ते पान दिसलं. पेन्सिलने काढलेला नकाशा होता. पाण्याची टाकी, कुंपण, फाटकाकडे जाणारा रस्ता, आणि टाकीच्या दक्षिणेला फुल्यांच्या तीन ओळी. खाली पिंपांचा आकडा, तारीख आणि ‘जपानी बाजूला कळवू नये’ अशी एक ओळ. म्हातारा नऊ वर्षं खरं बोलत होता.

मग तिच्या लक्षात आलं, की बाकी सगळ्या पानांवरचा ‘गुप्त’ हा शिक्का रेघ मारून खोडलेला आहे आणि या पानावरचा नाही. हे पान कोणी खुलं केलंच नव्हतं. दोन पानांच्या मध्ये चिकटून ते चुकून खोक्यात आलं होतं, आणि तिने त्यावर चिठ्ठी ठेवून फोटो काढला होता. दुसरं कोणी असतं तर त्याच मिनिटाला तो फोटो ओकिनावाला पाठवून मोकळं झालं असतं. अनयाने विचार केला, की असा कागद आपण परस्पर दिला तर गावचं ऑफिस तो चोरीचा म्हणून बाजूला टाकेल. रीतसर परवानगी घेतली तर त्यापुढे कोणाला बोलता येणार नाही. तिने ग्रंथालयाला ईमेल लिहिली. अमुक खोक्यातल्या अमुक पानावरचा शिक्का खोडलेला दिसत नाही, तरी ते वापरायला हरकत नाही ना, असं अदबीने विचारलं. वर पानाचा फोटो जोडला. शहाणी मुलगी!

चार दिवस उत्तर आलं नाही. पाचव्या दिवशी तिच्याच युनिव्हर्सिटीतल्या एका खोलीत तिला बोलावणं आलं. आत करड्या कोटातला एक माणूस बसला होता. त्याने आपलं नाव ग्रेग एवढंच सांगितलं. कोणत्या खात्याचा ते त्याने कार्डावर दाखवलं, पण कार्ड इतक्या चटकन खिशात गेलं की तिला वाचता आलं नाही. तो अतिशय चांगला वागला. तिने प्रामाणिकपणे कळवल्याबद्दल आभार मानले, ग्रंथालयाची चूक आहे, तुमची नाही, असं दोनदा म्हणाला. पान कोणाला दाखवलं का, असं विचारलं. नाही, म्हणाली ती, आणि ते खरं होतं, कारण यशोधनला तिने फक्त तोंडी सांगितलं होतं. मग त्याने तिच्या देखत फोन आणि लॅपटॉपवरून फोटो पुसायला लावला आणि दोन कागद पुढे केले. एकावर लिहिलं होतं, की माझ्याकडे प्रत नाही. दुसऱ्यावर, की पानातला मजकूर मी कोणाला सांगणार नाही.

पेन तिच्या हातात असताना तो सहज म्हणाला,

“तुमच्या मुलीला इथली शाळा आवडते का?”

मुलीबद्दल ती एक शब्द बोललेली नव्हती. तिने दोन्ही कागदांवर सह्या केल्या.

त्याच आठवड्यात किंजो-सान यांची ईमेल आली. जपानी रीतीप्रमाणे आधी हवापाण्याची चौकशी, आमच्याकडे चेरी फुलून गेली, तुमच्याकडे अजून बर्फ असेल, आणि मग शेवटी एकच प्रश्न, की त्या खोक्यात काही होतं का? यशोधन म्हणाला, सरळ लिही की मला सांगता येत नाही. पण सांगता येत नाही म्हणणं म्हणजे सांगणंच झालं, हे त्यालाही कळत होतं. म्हातारा शिक्षक होता, ओळींमधलं वाचणारा. तो त्याच दिवशी सभेत उभा राहिला असता, आणि ग्रेगला अनयाचं घर माहीत होतं. दोन दिवस ती त्या उत्तरावर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी सुंदर, अदबशीर जपानीत तिने लिहिलं, की मी सगळं खोकं पाहिलं, त्यात तसं काही नव्हतं. पाठवल्यावर तिला स्वतःची शिसारी आली. ज्या खोटेपणावर ती चारशे पानांचा प्रबंध लिहीत होती, तोच तिच्या हातून अगदी सराईतासारखा उतरला होता.

मे महिन्यात त्यांचं पुन्हा लांबलचक पत्र आलं. दिलेल्या शब्दाप्रमाणे त्यांनी अनयाचं उत्तर सभेत स्वतः वाचून दाखवलं होतं आणि विरोध मागे घेतला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नऊ वर्षं जे रस्त्यात बोलत नव्हते ते घरी येऊन जेवून गेले. मैदान सुरू झालं. मुलांनी वाफ्यांत रताळ्यांचे वेल लावले आणि त्यांची पणती मिओ रोज पाणी घालायला जाते. तुम्ही एका म्हाताऱ्याला शांत झोप दिलीत, असं त्यांनी लिहिलं होतं. सोबत फोटो होता. पिवळ्या टोप्या घातलेली पोरं मातीत गुडघे टेकून बसली होती, आणि त्यांच्या मागे, उत्तरेला, नकाशातली तीच पाण्याची टाकी होती.

अनयाने यशोधनला एवढंच सांगितलं, की मैदान उघडलं, पोरं तिथे खेळतायत, मला खरं कळवलं पाहिजे.

“अगं, कार्ड हातात येऊ दे,” तो म्हणाला. “मग लिही ना यार, कोण अडवतंय? दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे. आणि इतकी वर्षं झाली, काय उरलं असेल त्या मातीत?”

यशोधन वाईट माणूस नव्हता. तो घाबरला होता, आणि तीही. जून गेला, जुलै गेला. ती पत्र लिहायची आणि पुसायची. स्वानंदी अंगणात मातीत खेळायला लागली की उगाच तिच्यावर ओरडायची, हात धू म्हणायची. दर सोमवारी यशोधन वेबसाइटवर अर्ज कुठवर आला ते बघायचा आणि मान हलवायचा. सप्टेंबरात फोटोतले वेल जमीन झाकून टाकण्याइतके पसरले असतील, हे तिला न बघता कळत होतं. रताळी ऑक्टोबरात काढतात, हेही तिला माहीत होतं.

कार्डं ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आली. यशोधनने पेढे आणले. अनया पेढा हातात घेऊन तशीच उठली, लॅपटॉप उघडला आणि हवापाण्याची एक ओळही न लिहिता किंजो-सान यांना सगळं लिहून टाकलं. मी खोटं बोलले. खोक्यात नकाशा होता. पिंपं टाकीच्या दक्षिणेला आहेत, बरोबर वाफ्यांच्या खाली. आठवणीने नकाशा काढून तिने त्याचा फोटो जोडला. सहीच्या कागदाचं काय होईल, ग्रेग येईल का, याची त्या क्षणी तिला पर्वा राहिली नाही. फार उशिरा का होईना, तिच्या जिवात जीव आला.

सकाळी उत्तर आलं होतं. पत्र लहान होतं आणि त्यात हवापाणी नव्हतं.

“माझा तुमच्यावर विश्वास आहे,” किंजो-सान यांनी लिहिलं होतं. “मी लगेच गावच्या ऑफिसात गेलो. ते म्हणाले, पहिलं उत्तर याच बाईंचं होतं आणि ते दप्तरी नोंदलेलं आहे. हाताने काढलेलं चित्र पुरावा होत नाही. मूळ कागद दाखवा, मग मैदान बंद करू. कृपा करून तो कागद पाठवा.”

कागद कुठे होता? तिने ग्रंथालयाला फोन लावला. त्या वर्णनाचं पान आमच्या संग्रहात नाही आणि कधी नव्हतं, असं तिकडची बाई शांतपणे म्हणाली. खोटं लिहिलं तेव्हा अनयाकडे कोणी कागद मागितला नव्हता. नुसत्या तिच्या शब्दावर सगळ्या गावाने विश्वास ठेवला होता. त्या दिवशी तिने ओकिनावातल्या दोन पत्रकारांना लिहिलं, एका प्राध्यापकाला लिहिलं. सगळ्यांनी सौजन्याने तेच विचारलं.

त्यानंतरच्या गुरुवारी ती लायब्ररीतून लवकर घरी आली. यशोधन त्या दिवशी घरूनच काम करत होता. स्वयंपाकघरात टेबलावर एक खोकं फोडलेलं होतं. वर ओकिनावाचा शिक्का होता, आणि तारीख तिने खरं कळवलं त्याच्या आठवडाभर आधीची. खोकं वाटेत असल्याचं किंजो-सान आपल्या घाईच्या पत्रात लिहायला विसरले होते. आत मिओने रंगीत खडूंनी काढलेलं चित्र होतं. त्यात पिवळ्या टोपीतली मुलगी हातात काहीतरी मोठं जांभळं धरून हसत होती. खाली किंजो-सान यांच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, की आमच्या मुलांच्या पहिल्या पिकातलं रताळं, उकडून उन्हात वाळवलेलं, मिओकडून तुमच्या स्वानंदीसाठी.

“आलीस? जपानहून खाऊ आलाय,” आतल्या खोलीतून यशोधन म्हणाला. “मी एक तुकडा खाल्ला, आंबापोळीसारखं लागतं. स्वानंदी सोडतच नाहीये.”

स्वानंदी खुर्चीवर पाय हलवत बसली होती. तिची बोटं चिकट झाली होती आणि तोंडात अजून काहीतरी होतं.

“इट्स सो गुड, आई,” ती म्हणाली.

“किती खाल्लंस?” अनयाने विचारलं.

स्वानंदीने रिकामं पाकीट उचलून तिच्यासमोर उलटं धरलं.