काठावरचे चिग्विरे

ओबदुलियाचं लक्ष गुरांकडे नव्हतंच. ती चिग्विऱ्यांकडे बघत होती. डुकराएवढी ही उंदराची जात. ऊन तापलं की नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून दिवसभर पाण्यात पडून राहणारी. आणि आज भर दुपारी सगळा कळप काठावर उभा, पाण्याकडे तोंड करून. अंगावरचा चिखल वाळून तडकला होता, तरी एक जण पाण्यात उतरेल तर शपथ.

"फेलिसियानो, हे पाण्यात का जात नाहीत?" तिने नवऱ्याला विचारलं.

"त्यांनाच विचार. तुझं त्यांच्याशी बरं जमतं." फेलिसियानो घोड्यावरून हसला. "नदीपलीकडे गवत आहे, इकडे नुसती धूळ. गुरं आज उतरलीच पाहिजेत."

गुरांच्या पुढे गात गात पोहायचं काम नेमेसियोचं, तिच्या एकुलत्या एका पोराचं. त्याने सदरा काढला आणि गाणं सुरू केलं. झालं. आता हाक मारायचीही सोय उरली नाही. गाणं मध्येच तुटलं की गुरं बुजतात आणि पुढच्याला तुडवतात, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. ओबदुलियाचा जीव टांगणीला लागला. मगर असेल? की पाणी आटलं म्हणून झटक्याने जीव घेणारे विजेचे मासे सगळे इथेच गोळा झाले असतील?

पोराचे घोटे बुडाले.

तिने काठी उचलली आणि सरळ चिग्विऱ्यांवर धावून गेली. एरवी माणूस दिसताच धपाधप पाण्यात उड्या टाकणारे ते भित्रे जीव आज थेट गुरांच्या तोंडावर घुसले, पण पाण्यात जाईनात. गुरं उलटी फिरली आणि माळावर उधळली.

"डोकं फिरलंय का तुझं?" फेलिसियानो खेकसला. "अख्खा दिवस वाया घालवलास."

नेमेसियो लाजेने लाल झाला. "आई, सगळ्या गुराख्यांसमोर माझी शोभा केलीस. बघ, काही नाही इथे." आणि तो आणखी एक पाऊल आत गेला.

तेवढ्यात चिग्विऱ्यांचं चुकलेलं एक पिल्लू घाबरून त्याच्यापासून थोड्या अंतरावर डोहात पडलं. मगरीची कसलीच खळबळ झाली नाही. पिल्लाचे पाय ताठ झाले, ते उलटं होऊन वर आलं आणि तसंच तरंगत राहिलं.

फेलिसियानोने टोपी काढली. ते पिल्लू आपल्याच काठीने गेलं, हे ओबदुलियाला कळत होतं, पण वाईट वाटून घ्यायला तिला अजून सवड नव्हती.

"बाळा," ती अगदी हळू म्हणाली, "वळू नकोस, पाणी ढवळू नकोस. तसाच मागे मागे ये."