बेटेगावच्या शेतातली थापी

मित्रांनो, मी एक जुनी थापी आहे. विटांवर सिमेंट पसरते ती, गवंड्याची. माझे पान झिजले आहे, मूठ दोनदा बदलली आहे. पण धारेचे विचाराल, तर आजकालच्या नव्या थाप्यांनी माझ्याकडे शिकवणीला यावे!

माकुणसारच्या भिका लोहाराने ट्रकच्या स्प्रिंगच्या तुटक्या पाट्यातून मला घडवले. लोखंड खानदानी, म्हणूनच मी टिकले. बोईसरच्या चिंतू गवंड्याने मला घेतले आणि मग आम्ही दोघांनी भिंतीच भिंती उभ्या केल्या. कारखान्यांत कामाला दुरून माणसे येत, त्यांना राहायला खोल्या लागत. चिंतू सगळ्यांना सांगायचा, "हिच्यासारखी थापी नाय मिलायची." ते ऐकून मी अंमळ फुगत असे. पुढे चिंतूची कंबर धरली, काम सुटले आणि मी न्हाणीघराच्या कोनाड्यात गंजत पडले. गवंड्याच्याच घरात मला कोणी विचारीना, याचे फार वाईट वाटे.

मला बाहेर काढले ते चिंतूच्या मुलीने, समिधाने. जमिनीखालचे जुन्या काळचे अवशेष शोधायचे शिक्षण तिने घेतले होते. तिने कानशीने घासून माझे पान निमुळते केले. मला रागच आला. भिंती बांधणारीने आता माती खरवडायची? पण बोटभर माती काढायची आणि थांबून बघायचे, याला किती धीर लागतो ते कळले, तसा राग निवला.

मागच्या हिवाळ्यात आम्ही बेटेगावला रखमाआजींच्या भातशेतात गेलो. तिथे मोठ्या इमारती उठणार होत्या. शेजारी पूर्वी जुनी खापरे सापडली होती, म्हणून बांधकामाआधी ठिकठिकाणी खड्डे घेऊन जमीन तपासायची होती. जुनी वस्ती निघाली, तर इमारती दुसरीकडे जातील असे ठरले होते.

आजींचा मुलगा दिनानाथ जमीन विकायला तयार होता. त्याचेही चूक नव्हते. चहूकडे भराव पडल्यापासून शेतात पाणी तुंबे आणि भात कुजे. आजींना मात्र शेत सोडवत नव्हते. रोज बांधावरून खड्ड्यात डोकावून त्या विचारत, "निगालं काय बाय, कायतरी?" समिधा म्हणे, "अजून नाही, आजी." एकामागून एक खड्डे रिकामेच निघत होते.

एके दुपारी बांधाजवळच्या खड्ड्यात माझे टोक ठणकन वाजले. आधी एक चपटा दगड, त्याखाली हाताने घडवलेले मडके आणि आत काळी पडलेली भाताची टरफले. समिधाने मला बाजूला ठेवले आणि बोटांनी माती झाडली. एकटीवर सोपवलेली ही तिची पहिलीच तपासणी होती.

"आजी, निघालं! खूप जुनं दिसतंय. आता इथलं बांधकाम थांबेल बघा!"

दिनानाथचा चेहरा उतरला. आजी लगबगीने आल्या, पण मडके बघताच त्यांचाही चेहरा उतरला. समिधा ते कापसात गुंडाळू लागली. मित्रांनो, शेत वाचवायला आजींना काहीच करायचे नव्हते. नुसते गप्प राहिले की झाले! त्यांनी एकदा शेताकडे पाहिले, एकदा मुलाकडे, आणि त्या मडक्याजवळ बसल्या.

"नको बाय, गुंडालू नको. जुनं-बिनं काय नाय ते. ही आमच्या दिनाची वार हाय."

बाळाबरोबर आईच्या पोटातून येणारी वार मडक्यात घालून जमिनीत पुरायची, अशी इथली रीत होती. "कुत्र्यानं उकरू नये म्हनून भागी सुईनीनं वर दगड ठेवला," आजी म्हणाल्या. "आन पोराला कदी कमी पडू नये म्हनून मूठभर भात टाकला."

दिनानाथ हळूच म्हणाला, "आई, तू गप राह्यली असतीस, तर तुजं शेत राह्यलं असतं."

"राह्यलं असतं रे. पन तुज्या वारेवर खोटं कसं बोलू?"

समिधाने कापूस सोडवला आणि मडके आजींच्या मांडीवर ठेवले.

उरलेल्या खड्ड्यांत काही निघाले नाही. शेत गेले. आज तिथे मोठमोठी यंत्रे खोदतात. त्यांना थांबून बघायची सवय नाही.

पण त्याआधी दिनानाथने मला मागून घेतले. समिधा म्हणाली, "कुदळ घ्या की, दादा." तो म्हणाला, "नको, हीच दे. हिनंच काडलं ना?" घरामागे केळीजवळ त्याने माझ्या टोकाने खड्डा केला आणि त्यात मडके ठेवले. मग तो घरात गेला, कणगीतला मूठभर भात घेऊन आला आणि आईच्या ओंजळीत ओतला. त्या शेताचे ते शेवटचे पीक होते. आजींनी भात मडक्यात सोडला, दिनानाथने दगड ठेवला आणि मी माती लोटली. इतकी वर्षे नावाजली गेले, पण त्या दिवशी मला खरे धन्य वाटले.

मित्रांनो, तुमच्या घराखालीही कोणाचे तरी शेत असेल. पाया खणण्याआधी जमीन जरूर तपासा, पण बांधावर उभ्या असलेल्या माणसालाही विचारा, त्याने तिथे काय जपून ठेवले आहे.

माझ्या मुठीच्या फटीत त्या भाताचा एक दाणा अडकला आहे. समिधा मला रोज पुसते. तो दाणा ती काढत नाही.