डिकीनाथाचा श्वास

रविवारी सकाळी नऊ वाजता मुलुंड पूर्वेच्या मैत्रेयी सोसायटीत दीडशे माणसं चपला काढून एका जुनाट गाडीच्या मागे रांगेत उभी होती. गाडीच्या पुढच्या बाजूला चिटपाखरू नव्हतं, कारण देव डिकीत होता.

ही गाडी कुणाची, हे सोसायटीत कुणालाच ठाऊक नव्हतं. आठ महिने ती पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये ठाण मांडून बसली होती. सेक्रेटरी रत्नप्रभाबाईंनी तिच्या काचेवर एकामागून एक तीन नोटिसा चिकटवल्या. चौथी चिकटवायच्या आतच दाढीवाले कंपनानंद महाराज फाटकातून आत आले आणि म्हणाले, मला दृष्टांत झालाय. गाडीची किल्लीही त्यांना दृष्टांतातच मिळाली होती. डिकी उघडली, तर आत काळाकभिन्न खडक! मधोमध पेल्याएवढं गोल तोंड, आणि त्या तोंडातून श्वास चाललेला. त्या दिवसापासून तिसऱ्या नोटिशीलाही हळदकुंकू वाहिलं जाऊ लागलं.

खडक डिकीत असा बसला होता की चाकावरचा फुगवटा, कोपऱ्यातली खाच, कुठेही केसाएवढी फट नव्हती. "माणसाच्या हातून हे होईल?" महाराज विचारायचे आणि दीडशे माना नकारार्थी हलायच्या. "स्वयंभू आहे! मुळं पाताळापर्यंत गेलीत!" दुसऱ्या मजल्यावरच्या एका इंजिनिअरने गाडीखाली वाकून पाहिलं होतं. मुळं दिसली नाहीत. महाराज म्हणाले, सूक्ष्म आहेत. इंजिनिअर कपडे झटकत उठला आणि रांगेत जाऊन उभा राहिला.

डिकीनाथाला नैवेद्य पेट्रोलचा. तास-दोन तास दर्शन देऊन देव थकायचा, श्वास मंदावायचा. मग एखाद्या भाविकाची गाडी शेजारी आणून, दोन्ही बॅटऱ्यांना वायरी जोडून 'प्राणदान सेवा' व्हायची. तिचं बुकिंग दिवाळीपर्यंत फुल्ल होतं.

"देवाला बॅटरी कशाला लागते?" असं सुरुवातीला कुणीतरी विचारलं होतं म्हणे.

"देवाला नाही, वाहनाला!" महाराज उत्तरले होते. "उंदराला तुम्ही लाडू देता ना?"

विचारणाऱ्याने लगेच प्राणदानासाठी नाव नोंदवलं.

बाळ पेडणेकर त्या सकाळी हातात कापडी पिशवी घेऊन फाटकातून आले. वय वर्षं एकसष्ट, पण आईवडिलांनी ठेवलेलं बाळ हे नाव काही सुटलं नव्हतं. घाटकोपरला त्यांचा गाळा होता. गाडीत मोठे स्पीकर बसवायचे, तर त्यांना मापाची पेटी लागते. अशा फायबरच्या पेट्या बनवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. पिशवीत नातीसाठी नवा फ्रॉक होता. गंधाली तीन वर्षांची, जन्मापासून कानाने ठार बहिरी. उद्या सोमवारी तिचं ऑपरेशन होतं. कानाच्या आत यंत्र बसणार, मग हळूहळू ऐकू येणार. तारीख मिळायला अकरा महिने लागले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता उशीर नको, बोलणं शिकायचं वय वाट बघत थांबत नाही.

याच सोसायटीत राहणारी त्यांची लेक श्रुतिका रांगेच्या तोंडाशी दिसली. कडेवर गंधाली.

"अप्पा, बरं झालं आलात," ती म्हणाली. तिचे डोळे भरलेले होते. "उद्या आम्ही जात नाही. गंधूला ऐकू येतं."

"काय बोलतंस गो?"

"बघाच तुम्ही."

महाराजांनी गंधालीला डिकीकडे पाठ करून उभं केलं, पाठ बंपरला टेकवून. खडकाच्या तोंडापुढची पणती सारखी केली आणि एक हात उपरण्यात घालून ते गर्जले, "सज्जनहो! ब्रह्मांड म्हणजे काय? कंपन! अणू म्हणजे काय? कंपन! खिशातला मोबाइल थरथरतो ते काय? तेही कंपनच! हा अनाहत नाद आहे. तुम्हाआम्हाला कानाने ऐकू यायचा नाही, निष्पाप जिवाला येतो. बोलाव, डिकीनाथा, लेकराला बोलाव!"

आवाज काहीच झाला नाही. पण पणतीची ज्योत फडफडली, जवळच्यांच्या छातीत धडधडल्यासारखं झालं, आणि गंधाली गर्रकन मागे वळून हसली.

दीडशे माणसांनी एकच जयजयकार केला. रत्नप्रभाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"कानात यंत्र गेलं की अनाहत कायमचा बंद!" महाराजांनी बजावलं. "मग मला दोष देऊ नका."

बाळ पेडणेकरांचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. ते खडकाकडे बघत होते. डाव्या चाकावरचा तो उतार, कडेला दिलेली ती गोलाई. वर काळा रंग आणि वाळू मारली होती, तरी स्वतःच्या हाताचं काम माणूस विसरतो होय? मग त्यांनी महाराजांकडे नीट पाहिलं आणि मनातल्या मनात त्यांची दाढी काढली. आत सापडला चंद्रप्रकाश, हळदीत डीजे लावणारा! दोन वर्षांपूर्वी हाच ही गाडी घेऊन गाळ्यावर आला होता. गिऱ्हाईकं म्हणतात काका, असा आवाज पाहिजे की बिल्डिंग हलली पाहिजे. हा म्हणाला होता, "काका, आवाज नको. फक्त हवा पाहिजे." बाळकाकांनी विचित्र गिऱ्हाईक म्हणून सोडून दिलं होतं आणि काम मात्र मन लावून केलं होतं. आता त्याच कामाने त्यांच्या नातीचे कान जायची वेळ आली होती. त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

"श्रुती, ही मी बनवलेली पेटी आहे."

"अप्पा, प्लीज. तुम्हाला सगळीकडे तुमच्या पेट्याच दिसतात."

"आत बारा इंची वूफर आहे, खर्जाचा स्पीकर."

"माझ्या डोळ्यांनी बघितलं मी! तीन वर्षं हाका मारतेय तिला. ताट आपटून बघितलं, फटाके लावून बघितले. एकदाही वळली नाही. आज वळली, आणि तुम्ही वूफर म्हणता?"

श्रुतिका काही अडाणी नव्हती. बँकेत नोकरीला होती, नवरा जहाजावर असल्यामुळे घर एकटी सांभाळत होती. पण तीन वर्षं हाक मारून ओ न मिळालेल्या आईशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे बाळकाकांना कळलं. ते महाराजांकडे वळले आणि चक्क वाकले.

"महाराज, एवढी कृपा नातीवर केलीत, तिच्या आईवर पण करा."

एवढ्या गर्दीत नाही म्हणणार कसं? महाराजांनी हात वर केला. बाळकाकांनी पूजेच्या ताटातला वातींचा कापूस उचलला, श्रुतिकाच्या दोन्ही कानांत बोळे घातले, वर तिचेच तळवे घट्ट दाबून ठेवायला लावले, डोळे मिटायला सांगितलं आणि खाली बसवून तिची पाठ बंपरला टेकवली. "बोलवा देवाला. केव्हा ते सांगू नका."

महाराजांचा हात उपरण्यात गेला. पणती फडफडली, आणि श्रुतिका दचकून वळली.

"आला! अप्पा, मला पण आला!"

बाळकाकांनी तिच्या कानांवरचे हात हळूच खाली घेतले, बोळे काढून तिच्या हातावर ठेवले. "कान तर बंद होते तुझे. कशानं ऐकलंस?"

श्रुतिकाने त्या बोळ्यांकडे पाहिलं. मग बंपरकडे पाहिलं.

"पाठीनं," ती म्हणाली.

मग कुणी न सांगता तिने गंधालीला कडेवर घेतलं, चार पावलं लांब जाऊन गाडीकडे पाठ केली. "महाराज, आता बोलवा."

"शक्ती रोज रोज..."

"बोलवा म्हटलं ना!"

पणती पुन्हा फडफडली. गंधाली अंगातल्या फ्रॉकचं बटण तोंडात घालू पाहत होती. ती वळली नाही. "अजून एकदा," श्रुतिका म्हणाली. पणती विझली, तरी गंधाली वळली नाही. मग श्रुतिकाने तिला जवळ आणून तिचा इवलासा पंजा बंपरवर ठेवला, आणि पोरगी खुदकन हसली. गुदगुल्या झाल्यासारखी.

श्रुतिकाने मुलगी अप्पांच्या हातात दिली आणि थेट डिकीत हात घालून देवाचं तोंड धरलं.

"पाप लागेल!" महाराज किंचाळले. "पाताळ हलेल!"

"तशी ओढू नको गो," बाळकाका शांतपणे म्हणाले. "डावीकडून उचल. थोडी फिरव. आता ओढ."

साच्यात घडवलेली पेटी एकाच कलाने बाहेर येते, आणि तो कल फक्त बनवणाऱ्याला ठाऊक असतो. पाताळापर्यंत गेलेला स्वयंभू खडक एका हिसक्यात बाहेर आला. मागून दोन वायरी लोंबत होत्या. पाठीमागे दगड नव्हता, पिवळट चकाकतं फायबर होतं, त्यावर मास्किंग टेपच्या पट्ट्यांचे ठसे होते, आणि कोपऱ्यात पारदर्शक थराखाली गाडलेली एक चिठ्ठी. तक्रार घेऊन गिऱ्हाईक आलं तर पेटी ओळखता यावी म्हणून बाळकाका प्रत्येक पेटीत अशी चिठ्ठी घालायचे. रत्नप्रभाबाईंनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "चंद्रप्रकाश. डिकीची पेटी. आवाज नको, फक्त हवा. बाळ."

मागे बघतात तो महाराज ड्रायव्हरच्या सीटवर! किल्ली फिरवत होते, आणि गाडी नुसतीच कण्हत होती. सकाळपासून श्वास घेऊन घेऊन देवाने बॅटरी संपवली होती.

"महाराज, प्राणदान देऊ?" इंजिनिअरने काचेतून विचारलं. त्याला आता फार धीर आला होता.

रत्नप्रभाबाईंनी पोलिसांना फोन लावला. आठ महिन्यांचं पार्किंग हा त्यांच्या तक्रारीतला पहिला मुद्दा होता.

पण गर्दी हटेना. "बाळकाका, फट कशी नाही मग?" कुणीतरी विचारलं.

"असणार कशी? डिकीतच टेप चिकटवतो, त्यावर फायबरची चादर, त्यावर रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारा चिकट रस. घट्ट झालं की डिकीचा तंतोतंत ठसा मिळतो. पुढच्या बाजूला चौकटीवर कापड ताणून त्यालाही रेझिन पाजतो. अर्ध्या तासात कापड दगडासारखं होतं. आत वूफर. सेकंदाला वीसपेक्षा कमी वेळा हलला, तर आपल्या कानाला ऐकू येत नाही, पण हवा हलते, पत्रा हलतो. रिमोटचं बटण याच्या उपरण्यात आहे; दाबलं की जोर वाढतो."

"एवढंच?" एक बाई हिरमुसून म्हणाली.

"एवढंच कसं?" बाळकाका भडकले. "तीस वर्षं लागली मला हे शिकायला! माणसाच्या हाताला जमणार नाही असं कुणी म्हटलं, की आधी माणसाचे हात बघा की. तुम्ही सगळे शिकलेले. एकानंसुद्धा पेटी ओढून बघितली नाही. देवावर विश्वास ठेवायचा तर ठेवा, मी कोण अडवणार? पण कुणी म्हणालं औषध बंद करा, ऑपरेशन करू नका, तर त्याला एकच विचारा: कशावरून? आणि उत्तर स्वतः तपासा. आज माझी नात वाचली. दुसऱ्याच्या नातीचा आजोबा पेट्या बनवणारा असेलच असं नाही."

सोमवारी ठरल्या वेळी ऑपरेशन झालं. महिन्याभराने यंत्र सुरू करायच्या दिवशी डॉक्टरीण बाईंनी गंधालीला जाड गादीवर बसवलं, कुठेही हात टेकू दिला नाही, आणि तिच्या मागे एक छोटी डफली वाजवली. गंधाली थबकली. वळली. आणि घाबरून तिने असं भोकाड पसरलं की बाहेरची माणसं डोकावून बघू लागली.

श्रुतिका रडत होती, हसत होती. बाळकाकांनी दोन्ही हात स्वतःच्या डोक्यावर ठेवले.

"आयकल्यान गो," ते म्हणाले. "कानानं आयकल्यान!"