जावईबापूंची बाटली

आमच्या तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत गंधक मोजायच्या मशीनशेजारी एक कपाट होतं आणि कपाटात एक बाटली. तिला आम्ही जावईबापू म्हणायचो. आत उत्तम डिझेल, दहा लाख भागांत जेमतेम आठ भाग गंधक. मर्यादा दहाची. एखादा टँकर तपासणीत नापास झाला की साहेब म्हणायचे, "बाई, जावईबापूंना बसवा." म्हणजे टँकरचं डिझेल बाजूला सारायचं, बाटलीतलं मशीनला पाजायचं आणि येईल तो आकडा टँकरच्या नावावर लिहून सही ठोकायची. सगळे हसायचे. मीही हसायचे. नोकरी पक्की असली की कशालाही हसू येतं.

ते टँकर जायचे बस डेपोत. तिथे माझा नवरा मिस्त्री. गंधक जळून नाहीसं होत नाही, धुरातून निघतं आणि माणसाच्या छातीत ठाण मांडतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. त्याला पुस्तकाची गरज नव्हती. वर्षभरात तो आमचा एक जिना चढताना दोनदा थांबायला लागला होता.

एकदा जेवताना म्हणाला, "सायलेन्सरमधल्या धूर गाळायच्या जाळ्या पटापट मरतायत. अकरा गाड्यांच्या गेल्या. मॅनेजर म्हणतो, मी साफ करत नाही. चौकशी लावलीय. दोष माझा निघाला तर घरी बसायचं."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, डिझेल तपासा. जाळीला गंधक सोसत नाही. तर दात काढून म्हणतो, मिस्त्री, डिझेलचे कागद तुझ्याच बायकोच्या सहीचे आहेत." तो पाणी प्यायला. "तुझी सही आहे म्हणून. दुसऱ्या कुणाची असती तर मी त्या कागदांवर थुंकलो असतो."

मी त्याला भात वाढला. त्याने मागितला नव्हता.

तरी त्याने हट्ट सोडला नाही. शेवटी चौकशी अधिकाऱ्याने डेपोच्या टाकीतला सीलबंद नमुना, शहरात दुसरी प्रयोगशाळा नाही म्हणून, आमच्याकडेच धाडला. मशीनने आकडा दिला, तीनशे साठ. साहेबांनी कपाटाची किल्ली माझ्यापुढे सरकवली.

"नेहमीसारखं करा."

"या वेळी नाही जमणार, साहेब."

"आता बरं सुचलं. इतके दिवस अख्ख्या शहराची छाती जळत होती तेव्हा तुम्ही चहा पीत होतात. मिस्त्रीच्या पोटावर आलं आणि बाई सत्यवादी झाल्या."

झोंबलं, कारण खरं होतं. मी तीनशे साठ लिहिले, सही केली आणि कागद स्वतः नेऊन दिला.

चौकशीच्या दिवशी अधिकाऱ्याने माझा कागद एका बाजूला ठेवला आणि दुसऱ्या बाजूला चौदा महिन्यांचे चौदा.

"इथे प्रत्येक वेळी आठ. नवऱ्याची नोकरी जायची वेळ आली तेव्हा तीनशे साठ. खोटं आधी लिहिलंत की आता?"

"आधी."

"म्हणजे तुम्ही खोटं लिहिता."

मी बाटलीबद्दल सांगितलं. साहेब शांतपणे म्हणाले, असली बाटली आमच्याकडे नाही. डेपोचं डिझेल पुन्हा तपासा म्हटलं, तर मॅनेजर म्हणाला, टाकी कालच रिकामी करून धुतली. अधिकाऱ्याने माझा कागद पुराव्यातून काढून टाकला. चुकीची तपासणी केली म्हणून मलाही निलंबित करण्याची शिफारस केली. मिस्त्रीला कामावरून काढलं.

आम्ही डेपोच्या फाटकाबाहेर आलो. नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, "चौदा सह्या. पेन एकदाही अडलं नाही?"

"अडलं होतं. पहिल्यांदा."

फाटकातून एक बस बाहेर पडली आणि काळा लोट आमच्या अंगावर आला. तो होता तिथेच उभा राहिला. मी तोंडावर पदर धरून बाजूला सरकले.