बन्सीचा ठोका

पडेगावात माझ्या ओट्यापाशी कुणी थांबलंच तर पत्ता विचारायला थांबतं. म्हणून ती पोरगी स्कूटीवरून उतरून "सांडू मास्तर तुम्हीच का?" म्हणली, तेव्हा मी आधी नाय म्हणलं. मला मास्तर म्हणणारी माणसं कधीच गेली.

तिचं नाव अश्लेषा. आपल्या भागात पहिल्यांदा रेकॉर्डवर वाजवलेल्या लोकांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून टिपून घ्यायचं काम ती करते. आमच्या बँडची एक तबकडी तिला भंगारवाल्याकडं सापडलती. माझ्याकडची फुटून तीस वर्षं झाली, आणि घरात वाजवायचं मशीन नसल्यानं ती मी कधी ऐकलीच नव्हती. त्या बँडात मी क्लॅरनेट वाजवायचो आणि माझा थोरला भाऊ बन्सी ढोल.

मी सांगायला लागलो. सन एकाहत्तर. क्रांती चौकाजवळ एका दुकानाच्या माडीवर रेकॉर्डिंगवाल्यानं खिडक्यांना गाद्या लावलेल्या, दारापाशी एकच माईक. आम्ही सात जण. त्यानं हुकूम सोडला, खुर्च्यांवर बसा. आता आम्ही जन्मात कधी बसून वाजवलंय? वरातीत चालत वाजवायचं, पाय पडंल तसा ताल. बसलो आणि सगळा बट्ट्याबोळ. कॉर्नेट पुढं पळतंय, ताशा मागं रेंगाळतोय. अख्खी दुपार त्यात गेली. शेवटी आमचे मालक काकासाहेब म्हणले, "चपला काढा आणि चाला." मग आम्ही अनवाणी त्या खोलीतच गोल गोल वरात काढली. जो माईकपाशी येईल त्याचा आवाज चढायचा, पुढं गेला की उतरायचा. रेकॉर्डिंगवाल्यानं कपाळाला हात लावला, पर मशीन चालू ठेवलं.

पोरगी लई हसली. मलाही बरं वाटलं. मग तिनं मोबाईल पुढं धरला आणि म्हणली, "ऐका आता."

मी ऐकलं. सगळे एका पातळीवर, लख्ख. ढोल तर घड्याळासारखा.

"हे आम्ही नाय," मी म्हणलं.

"तुम्हीच आहात, आजोबा. आवाज कमी-जास्त होत होता, ढोल मागं पडत होता, म्हणून मी कॉम्प्युटरवर सगळं सरळ करून घेतलं."

माझं डोकंच फिरलं. चहा घेऊन आलेली नातसून मोनिका दारातच थबकली.

"तुला कुणी सांगितलंतं सरळ करायला? बन्सीचा डावा पाय आखूड होता. लहानपणी ताप आला, त्यात पाय गेला. दर दुसऱ्या पावलाला तो जरा अडायचा, म्हणून ठोका उशिरा पडायचा. त्याच ठोक्यावर तर लोक नाचायचे. दुसऱ्या बँडवाल्यांनी नक्कल करून बघितली, एकालाही जमलं नाय. आम्ही त्याला सगळ्यात पुढं चालवायचो, म्हणजे कुणी त्याला मागं टाकू नये."

बन्सी त्र्याहत्तरला काविळीनं गेला. बायको नाय, पोर नाय. तबकडीवर नाव एकट्या काकासाहेबांचं. बँडचा एकच फोटो, त्यात बन्सीच्या तोंडापुढं कॉर्नेट आलंय. त्याचं म्हणून जगात जे काय उरलं होतं, ते त्या तबकडीवरचं चालणं.

"मग तबकडीच आण," मी म्हणलं.

तिचा चेहरा उतरला. "मशीनवरून काढताना तिचे दोन तुकडे झाले, आजोबा. सरळ करायच्या आधीची मूळ फाईल घरी कॉम्प्युटरवर असेल. पण जागा कमी पडली की मी जुन्या फायली काढून टाकते. बघून सांगते."

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाय. मोनिका म्हणली, पोरीला लई बोललात. बोललो, व्हय. पर खरं सांगायचं तर राग पोरीवर कमी आणि माझ्यावरच जास्त होता. बन्सीला जन्मभर मीच टोकलं. "ठोका वेळेवर टाक की, माझा सूर नाहक लटकतो." तो हसायचा. म्हणायचा, "तू थांब की जरा माझ्यासाठी." आणि मी काय थांबलो नाय. तरणा होतो, घाई होती. तो गेल्यावर हे लई सललं, आणि आता पोरीनं सरळ केलं तेच मला वर्षानुवर्षं करायचं होतं, हे काय मला कळत नव्हतं का?

तिसऱ्या दिवशी सकाळी स्कूटी आली. बसायच्या आधीच ती म्हणली, "सापडली."

आधी नुसती खरखर. मग लांबून ढोल. एक ठोका, आणि जरा अडून दुसरा. तो जवळ जवळ येत गेला, माईकपाशी आला, तेव्हा फरशीवर पाय घासल्याचंसुद्धा ऐकू आलं. मग पुढं निघून गेला. मोनिकानं हळूच विचारलं, "हेच का मोठे आजोबा?" मी मान हलवली.

दुसऱ्या फेरीला त्याच्या मागून माझं क्लॅरनेट आलं. तान संपली, आता सूर सुटायला पाहिजे होता. सुटला नाय. मी तो धरून ठेवलेला. बन्सीचा पाय टेकला, ठोका पडला, तेव्हाच सोडला. तिसऱ्या फेरीला तसंच. चौथ्यालाही तसंच.

मी थांबलोतो. पन्नास वर्षं मला हे ठाऊकच नव्हतं. मी त्या दोघींसमोर रडलो, आणि लाज वाटली नाय.

थोड्या वेळानं अश्लेषानं पिशवीतून तबकडीच्या माहितीचा कागद काढला. दोषांच्या रकान्यात तिनं लिहिलेलं होतं, आवाज कमी-जास्त, ढोल उशिरा. मी काही म्हणायच्या आत तिनं ते खोडलं. मग वाजवणाऱ्यांच्या रकान्यात माझं नाव लिहायला पेन टेकवलं.

"थांब," मी म्हणलं. "आधी बन्सी लिही. मी त्याच्या मागं चालायचो."